खेकड्याचा चाकू

१

“काका, असल्या हातांनी तुम्ही चाकू उघडता तरी कसा?”

प्रश्न टॅम्सिनच्या तोंडून बाहेर पडला खरा, पण तो होता पिपाचा आणि शाळेच्या बसमधल्या मागच्या बाकावरच्या टोळीचा. मरंगा खाडीवरची पोरं म्हाताऱ्या आल्बीला ‘खेकडा’ म्हणायची. सांधेवाताने त्याची बोटं अशी काही आत वळली होती की हात म्हणजे दोन नांग्याच. त्यावर जन्मभर कालवांच्या शिंपल्यांनी केलेले व्रण. शिवाय हा माणूस कुणाशी बोलायचा नाही. धक्क्यावर पोर दिसलं की नुसता बघायचा, आणि पोर धूम ठोकायचं.

“जा की विचारायला! वादविवादात बक्षीस आणलंस ना एवढं?” पिपा म्हणाली होती. बक्षीस आणल्यापासून टॅम्सिनला कशालाच ‘नाही’ म्हणता येत नव्हतं.

आल्बीने मान वर केली.

“कुणी पाठवलं तुला?”

“पिपाने. म्हणजे... मलाही बघायचं होतंच.”

“खरं बोललीस. बस इथे.”

चाकू जुना होता, स्प्रिंग दांडगी. पात्यावर नख अडकवायची बारीक खाच होती. “ती धडधाकट बोटांसाठी,” आल्बी म्हणाला. “माझ्या बोटांत नख ओढण्याइतका जीव नाही.” म्हणून त्याने पात्याला पाठीकडून एक भोक पाडलं होतं आणि त्यात टोपल्या बांधायची प्लॅस्टिकची पट्टी ओवून तिचं कडं केलं होतं. धक्क्याच्या खांबाला एक खिळा होता. आल्बीने ते कडं खिळ्यात अडकवलं आणि मूठ एका हाताने मागे ओढली. खट्! पातं उघडलं. मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून त्याने ती चांगली जाड केली होती. बोटं पुरती न मिटताही ती हातात बसायची.

“आणि मिटायचा कसा?”

त्याने पात्याची पाठ मांडीवर टेकवली आणि मूठ दाबली. खट्. त्याच्या खाकी पँटवर त्या जागी तांबूस गंजाचा एक कायमचा पट्टा उमटला होता.

“उघडा चाकू कधी ठेवायचा नाही,” तो म्हणाला. “इथे सगळी अनवाणी फिरतात. हात मोडलेला असो, घाई असो, चाकू मिटायचा. खाडीवरचं शेंबडं पोरही हे विसरत नाही.” मग चाकू दोरीने त्याच खिळ्याला टांगून तो निघून गेला.

टॅम्सिन हवेत तरंगतच घरी आली. रात्री जेवणाच्या टेबलावर लोण्याची सुरी घेऊन तिने सगळी नक्कल करून दाखवली. प्रेक्षकही नामी होते. रीस हा कालवांवर काम करणारा पोरगा. शिंपल्यांचं विष चढून त्याचे दोन्ही हात बँडेजमध्ये होते आणि आई त्याला काट्याने सॉसेज भरवत होती. डोना मावशी, आईची थोरली बहीण, कालवांच्या सगळ्या शेतीची मालकीण; धक्क्यावर घसरून तिचा डावा हात तळव्यापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

“खेकडा, पोपट आणि पुतळा,” बाबा म्हणाला. “चांगली माणसं आहेत माझ्याकडे कामाला.”

“तू माझ्याकडे आहेस कामाला, ग्रेग,” मावशी म्हणाली, आणि सगळ्यात मोठ्याने तीच हसली. “टॅमी, परत दाखव गं! एका हाताने?”

टॅम्सिनने परत दाखवलं. एका हाताने.

२

शनिवारचं जेवण मात्र वेगळंच झालं. दुपारी बाबाने होडीच्या दोराला ताजं डांबर फासलं होतं, त्यामुळे आईने त्याला हात धुवायला टेबलावरून परत परत उठवलं. पण त्यावर कुणी विनोद केला नाही. टॅम्सिन मोरीत भांडी घासत असताना बाबाचा आवाज आला, “सोमवारी मी सांगणार आहे, डोना. बस.” मग खुर्ची सरकली. मावशी धक्क्यावरच्या वाटेने आपल्या घरी चालत गेली, रोजच्यासारखी.

रविवारी पहाटेच्या ओहोटीला बाबा कालवांच्या टोपल्यांच्या रांगांवर गेला. ओहोटीला रविवार कळत नाही. भरती लागली तरी तो परतला नाही.

धक्क्यावर आल्बी उभा होता. “माझा चाकू कुणी नेला?” त्याने विचारलं.

“चाकू घाला चुलीत!” आई किंचाळली. “ग्रेगची होडी दिसतेय का तुम्हाला?”

आल्बीने डोळे बारीक करून खाडीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे पांढऱ्या लाटा फुटत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे उलटी झालेली होडी एखाद्या मेलेल्या माशासारखी वरखाली होत होती.

टॅम्सिनच्या कानात नुसता घूं घूं आवाज भरला. आई पाण्यात धावत सुटली, रीस तिला मागे खेचत होता आणि बँडेजमधल्या हातांनी त्याला धड धरताही येत नव्हतं. आल्बी कुणाला काही न बोलता आपली होडी घेऊन गेला, तोही भलत्याच दिशेला, कांदळवनाच्या कडेने. तो गेला तेव्हा पाणी टॅम्सिनच्या गुडघ्याला होतं. तो परत आला तेव्हा कमरेला लागलं होतं.

होडीत बाबा होता. निळा पडलेला, ओठ फाटलेले, पण जिवंत. शेवटच्या रांगेच्या खांबाला मिठी मारून बसला होता म्हणे, पाणी हनुवटीला टेकलेलं. अशा आत वळलेल्या हातांनी आल्बीने त्याला वर कसं ओढलं, देवालाच ठाऊक.

आणि खांबाला बांधलेला दोराचा तुकडाही त्याने सोडून आणला होता. टोकाशी दोराची बरीचशी जाडी सुरीने कापावी तशी स्वच्छ कापलेली होती, उरलेली ताण बसून पिंजली होती.

“हा दोर तुटला नाही,” आल्बी म्हणाला. “कापून ठेवला होता कुणीतरी.”

३

बाबाला दवाखान्यात नेलं, आई सोबत गेली. डोना मावशी टॅम्सिनला सांभाळायला घरी आली, येताना लॅमिंग्टन केक घेऊन. टॅम्सिनने तो तसाच ठेवला. दारावर फांदी घासली तरी ती दचकत होती. दोर कापणारा माणूस खाडीवरचाच होता. त्याचं तोंड तिला माहीत होतं. कदाचित काल त्याने तिला ‘काय टॅमी, कशी आहेस’ म्हटलं असेल.

“असं कुढू नको गं बाई,” मावशीने तिला जवळ घेतलं. “जा, तुझे मार्कर आण. माझ्या या प्लास्टरवर एक ऑक्टोपस काढ बघू. इथे, मनगटाच्या वर. चांगला जाड, काळा.”

टॅम्सिनने काढला. तिथे एक मळकट रेघ आधीच होती. तिच्यावर मार्कर सारखा घसरत होता, म्हणून तिने ती ऑक्टोपसच्या डोक्यात मुरवून टाकली. घरभर बाबाच्या कपड्यांचा डांबराचा वास होता. त्या वासाने तिला रडू फुटलं आणि अश्रू प्लास्टरवर पडले.

“रड,” मावशी म्हणाली. “रडलं की बरं वाटतं.” मावशीचा हात तिच्या केसांतून फिरत होता.

४

सोमवारी सार्जंट मोफॅट आले. मोठे, घामेजलेले, बूट चिखलात रुतणारे. ओहोटीला धक्क्याखाली शिरले आणि बूट काढायला वाकले तेव्हा चिखलातून त्यांना चाकू सापडला. सायकलच्या ट्यूबची मूठ. पात्याला प्लॅस्टिकचं कडं. पात्यावर डांबर. चाकू मिटलेला होता.

“कुणाचा?”

सगळ्यांच्या नजरा आल्बीकडे गेल्या. बोलायची गरजच नव्हती.

“माझा,” आल्बी म्हणाला. “रविवारी सकाळपासून शोधतोय.”

“असं तुम्ही म्हणता.” सार्जंटनी दोर पाहिला, चाकू पाहिला. “मागच्या महिन्यात ग्रेगशी तुमचं वाजलं होतं ना? तुमच्या खोपटावरून?”

“वाजलं होतं. मिटलं.”

“आणि सगळे खाडीच्या तोंडाकडे बघत असताना तुम्ही बरोब्बर उलट्या दिशेला गेलात. कसं कळलं हो तुम्हाला?”

आल्बीने त्यांच्याकडे असं पाहिलं की बसमधली सगळी पोरं एका दमात पळाली असती. “होडी वाहून गेली म्हणजे माणूस जिथे कामाला उतरला तिथेच असणार. शनिवारी तो शेवटच्या रांगेच्या टोपल्यांबद्दल बोलत होता.”

सार्जंटनी गाडीचं दार उघडलं. “ठाण्यावर बोलू. उद्या शहरातून साहेब येतायत.”

गाडीत बसताना आल्बीला सीटच्या पट्ट्याचं बक्कल लावता येईना. ते लावायला कुणी वाकलं नाही. शेवटी टॅम्सिन वाकली. त्याच्या मांडीवरचा तांबूस पट्टा अगदी तिच्या नाकासमोर आला.

“काका, तुम्ही—”

“विचार की,” तो हळूच म्हणाला. “तुला विचारायला येतं.”

पण तिला विचारता आलं नाही. गाडी गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं, आपण काय पाहिलं ते.

५

“तांबूस! नुसता तांबूस, पिपा! काळं काही नाही!”

शाळा सुटल्यावर पिपा सायकल हाणत आली होती. दोघी पाण्याच्या टाकीमागे बसल्या होत्या, आवाज दाबून, दर मिनिटाला मागे बघत.

“मग?” पिपा म्हणाली.

“चाकूला ताजं डांबर होतं. दोर कापून त्याने चाकू मांडीवर मिटला असता तर पँटवर काळा पट्टा नको? डांबर काही पाण्याने जात नाही. आणि त्याच्याकडे कामाची पँट ती एकच आहे.”

“मग कुणीतरी त्याला अडकवायला त्याचा चाकू वापरला.”

“अडकवायचं असतं तर चाकू सापडेल असा ठेवला असता. हा चिखलात गेला होता! सार्जंटचा बूट रुतला नसता तर कधीच मिळाला नसता. मला वाटतं, खिळ्याला परत टांगताना तो निसटला आणि फळ्यांच्या फटीतून खाली पडला.”

पिपाने ओठ चावला. “पण खाडीवर प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा चाकू असतो गं. आल्बीचा कशाला घ्यायचा?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“कारण स्वतःचा उघडता येत नव्हता,” टॅम्सिन हळूच म्हणाली. “खिळा आणि कडं असलं तरच उघडतो. हात धड नसलेला माणूस.”

“रीस!”

“रीसचे दोन्ही हात गुंडाळलेले. ताज्या डांबराच्या दोराला नुसता हात लावला असता तरी बँडेज काळं झालं असतं. ते नर्सने शनिवारी सकाळी बांधलंय, तीच गाठ आहे, आणि रविवारी पांढरं शुभ्र होतं. त्या हातांनी तो आईला ओढत होता, मी बघितलं.”

“आणि आल्बीची ती युक्ती आणखी कुणाला माहीत होती?”

टॅम्सिनला ते जेवणाचं टेबल आठवलं. माहीत कुणाला असणार? लोण्याची सुरी नाचवत तिने स्वतःच ज्यांना शिकवली होती, त्यांना.

६

तिला खात्री करून घ्यायची होती. म्हणून ती कालवं धुवायच्या शेडमध्ये एकटीच गेली. पिपाला जेवायला घरी बोलावलं होतं. ऊन कलत होतं. फळ्यांखाली भरतीचं पाणी चुबुकचुबुक करत होतं.

भिंतीवर बाबाचा जुना चाकू होता. तिने डावा हात प्लास्टरमध्ये असावा तसा ताठ धरला. बोटांना कशाला स्पर्श करू द्यायचा नाही. उजव्या हातात चाकू. नखाची खाच दिसत होती, पण एका हाताने त्यात नख लावायचं आणि ओढायचं? अशक्य. तिने पात्याला एक पट्टी करकचून बांधली, तिचं टोक भिंतीतल्या खिळ्यात अडकवलं आणि ओढलं. खट्.

उघडला.

आता मिटायचा. घाईत, भीत भीत. तिने विचार केला नाही, हातालाच वळू दिलं. हाताने पात्याची पाठ समोर जे कडक दिसलं त्यावर टेकवली.

स्वतःच्या ताठ धरलेल्या डाव्या हातावर. मनगटाच्या जरा वर.

चाकू मिटला, आणि टॅम्सिन त्या जागेकडे बघतच राहिली. मळकट रेघ. मार्कर घसरत होता. आणि घरभर येणारा तो डांबराचा वास बाबाच्या कपड्यांचा नव्हताच. बाबाचे कपडे तर आई दवाखान्यात घेऊन गेली होती.

“काय खेळतेस गं टॅमी?”

डोना मावशी दारात उभी होती. मागून ऊन येत होतं, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता फक्त पांढरा हात आणि त्यावरचा काळा ऑक्टोपस.

७

आयुष्यात पहिल्यांदा टॅम्सिनला वाटलं, आपल्याला बोलता येत नसतं तर किती बरं झालं असतं. पण प्रश्न आला. हा तर कुणी पैजेवर विचारायला लावला नव्हता.

“मावशी, तुझ्या ऑक्टोपसला डांबराचा वास का येतो?”

मावशीने आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. मग आत आली, उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसली. टॅम्सिन आणि दार यांच्या मधोमध.

“होडी रिकामी जाणार होती,” ती म्हणाली. “रात्रीच्या ओहोटीला दोर तुटेल, होडी बाहेर जाईल, त्या गोण्याही जातील. संपलं. माणूस त्यात नव्हताच टॅमी. माझ्या हिशोबात माणूस नव्हताच.”

“कसल्या गोण्या?”

“पावसानंतर खाडीतली काढणी बंद असते ना, तेव्हाची कालवं. गटाराचं पाणी प्यालेली. मी विकली. गावात माणसं आजारी पडली.” तिने नाक ओढलं. “तुझ्या बाबाला कांदळवनात उरलेल्या गोण्या सापडल्या, त्याने होडीत भरल्या. सोमवारी अधिकाऱ्यांना देणार होता. मी जेवून घरी चालले होते, गोण्या समोर, आल्बीचा चाकू समोर. माझा खिशातच होता, पण उघडेना. आणि तू आदल्या दिवशी इतकं छान दाखवलं होतंस.”

टॅम्सिनने हातातला चाकू खाली ठेवला.

“पण दोर टिकला,” मावशी म्हणाली. “मेला सकाळपर्यंत टिकला. आणि ग्रेगने त्याच दोराने होडी खांबाला बांधली.”

“आल्बीकाकांना नेलं गं त्यांनी!”

“म्हातारा आहे. त्याला फार काही करणार नाहीत.” मावशी उठली आणि जवळ आली. तिचा उजवा हात टॅम्सिनच्या खांद्यावर पडला, जड. “उद्या सकाळी दवाखान्यात प्लास्टर बदलून घेणार आहे. तुझ्या रडण्याने भिजलं म्हणून सांगेन. तुम्ही राहता ते घर माझं आहे, बाबाची नोकरी माझी आहे, आणि तू माझी लाडकी आहेस. कुणाला सांगणार नाहीस. हो ना?”

खाली पाणी चुबुकचुबुक करत होतं. टॅम्सिनने मान हलवली. हो.

मावशीने तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि वाट सोडली.

८

बाबा त्या संध्याकाळी घरी आला होता. स्वयंपाकघरात बसून गरम सूप पीत होता. कप त्याने दोन्ही हातांत धरला होता. खांबावरच्या शिंपल्यांनी चिरून काढलेले त्याचे तळवे बँडेजमध्ये होते. टॅम्सिनने दारातच सगळं ओतलं, श्वास न घेता, पट्टी, खिळा, पँट, प्लास्टर, सगळं.

आईने आधी तोंडावर हात घेतला. मग तो हळूहळू खाली आला.

“ती माझी बहीण आहे, टॅम.”

“माहितीये.”

“आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं.”

“माहितीये, आई.”

बाबा कपात बघत म्हणाला, “मी खांबाला धरून होतो ना, तेव्हाच मला वाटलं होतं. गोण्यांचं फक्त तिलाच माहीत होतं.” त्याचा आवाज खरखरीत झाला होता. “पण म्हटलं, मी जिवंत आहे. जाऊ दे. घर जाईल, काम जाईल, तुझ्या आईची बहीण जाईल. दोन दिवस थांबू. आल्बीविरुद्ध काही उभं राहणार नाही, सुटेल तो.”

“कसं सुटेल? चाकू त्याचा, भांडण त्याचं. आणि जी एकच गोष्ट खरं सांगते ती उद्या सकाळी दवाखान्याच्या कचऱ्यात जाणार आहे!”

“ओरडू नको,” आई म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहिलं. धक्क्यापलीकडे मावशीच्या घरात दिवा लागला होता. दारात कुणीतरी उभं होतं, इकडे तोंड करून.

टॅम्सिनला वादविवादाचा मंच आठवला. तेव्हा हरलं तर नुसतं बक्षीस जाणार होतं. तिने बाबाच्या गुंडाळलेल्या तळव्यांकडे पाहिलं. मग तिला दुसरे हात आठवले, बक्कल लावायला न वळणारे. त्याच हातांनी या हातांना पाण्यातून वर ओढलं होतं. आणि आपण मघाशी शेडमध्ये मान हलवली होती.

तिने खुंटीवरचं जाकीट काढलं.

“मी सार्जंटकडे चाललेय,” ती म्हणाली. “आत्ता, पिपाच्या आईच्या गाडीतून. मावशी प्लास्टर कापायच्या आत. तुम्ही आलात तर मला भीती कमी वाटेल. नाही आलात तरी मी जाणार आहे. मला आजवर सगळे विचारायला पाठवत होते. आज मी सांगायला चाललेय.”

मग बाबाने कप खाली ठेवला आणि आपले बँडेजमधले हात तिच्यापुढे केले.

“माझं जाकीट घालून दे,” तो म्हणाला. “मला बटणं लावता येत नाहीत.”